पेटी आहे, किल्ली नाही

आपल्या घराण्याच्या संकेतस्थळावर लॉगिन का होत नाही, हे विचारणारे गेल्या चार महिन्यांत मला निदान तीसेक फोन आले असतील. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून इथे एकदाच सविस्तर लिहितो. ब्लॉगवरच्या बाकी मित्रमंडळींनी हा घरगुती मामला म्हणून सोडून दिला तरी राग नाही. पण थोडं थांबलात तर पुढे इतिहासही आहे. आयुष्यभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर शे-दोनशे वर्षं मागे गेल्याशिवाय मला देताच येत नाही.

झालं असं. संकेतस्थळ माझ्या पुतण्याने 2019 साली बांधलं. वंशावळ, जुने फोटो, आजोबांच्या पेटीतली पत्रं, सगळं त्याने एकट्याने चढवलं. 2021 च्या मे महिन्यात तो गेला. त्या दिवसांबद्दल इथे लिहीत नाही, तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. संकेतस्थळ मात्र त्याच्यामागे आपोआप चालत राहिलं, कारण त्याने जागेचं भाडं आगाऊ भरून ठेवलं होतं. ते संपलं आणि एक दिवस सगळं बंद पडलं. त्याचा लॅपटॉप तोवर पुसून, नवा करून कोणाला तरी देऊन झाला होता. यात कोणाचा दोष नाही, घरात तेव्हा कोणाला सुचत होतं?

उरल्या दोन गोष्टी. प्रोग्रामचा मजकूर त्याने महाजालावर जिथे प्रोग्रामर मंडळी ठेवतात तिथे ठेवला होता, तो मिळाला. आणि एका हार्ड डिस्कवर सगळ्या माहितीची प्रत होती, फोटोंसकट. माझा नातू सोलापुरातच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, ‘‘आजोबा, दोन्ही आहेत ना, मग एका रविवारचं काम.’’ एप्रिलचा रविवार, बाहेर त्रेचाळीस अंश, पंख्याखाली आम्ही दोघे बसलो. प्रोग्राम काही सुरू होईना. पडद्यावर इंग्रजीत एक निरोप यायचा आणि सगळं थांबायचं. नातवाने अर्थ सांगितला तो असा: कुलूपबंद फाइल उघडायची किल्ली सापडत नाही, तुमच्या चमूतल्या कोणाकडून तरी ती मागून घ्या आणि अमुक ठिकाणी ठेवा.

चमूतल्या कोणाकडून तरी मागून घ्या! चमूत एकच माणूस होता.

आता ही किल्लीची भानगड काय, ते मला समजलं तसं सांगतो. जाणकारांनी चुकलं तर कान धरावा. प्रोग्राम ‘रूबी ऑन रेल्स’ नावाच्या चौकटीवर बांधलेला आहे. प्रोग्रामला काही गुपितं लागतात: माहितीच्या कोठाराचा परवलीचा शब्द, मेल पाठवण्याचा परवलीचा शब्द, आणि कोण लॉगिन झालं आहे ते ओळखण्यासाठी मारायचा एक गुप्त शिक्का. 2018 मध्ये आलेल्या आवृत्तीपासून या चौकटीत अशी सोय आहे की सगळी गुपितं एका फाइलीत कुलूपबंद करून प्रोग्रामसोबत ठेवायची, आणि ते कुलूप उघडणारी ‘मास्टर की’ नावाची एवढीशी फाइल मात्र सोबत ठेवायची नाही. म्हणजे पेटी सगळ्यांसमोर, किल्ली मालकाच्या कमरेला. ती किल्ली म्हणजे बत्तीस चिन्हांची एक ओळ.

‘‘मग ती फाइल चुकून पुसली गेली का?’’ मी विचारलं. नातवाने मला आणखी एक फाइल उघडून दाखवली. प्रोग्रामबरोबर काय काय पाठवायचं नाही त्याची ती यादी, आणि यादीत किल्लीचं नाव स्पष्ट लिहिलेलं. म्हणजे किल्ली हरवलेली नव्हती, ती ठरवून बाहेर ठेवलेली होती, आणि बाहेर ठेवल्याची नोंद आत होती.

इतिहासाच्या माणसाला अशा जागी बरं वाटतं. जुन्या दफ्तरात एखादं पत्र नसतं, पण दुसऱ्या पत्रात ‘तुमचे पत्र पावले’ असं असतं. तेवढ्यावरून नसलेलं पत्र असल्याचं कळतं. आणि शिक्का तर कधीच रुमालात बांधलेला सापडायचा नाही. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर माथ्याला अष्टकोनी राजमुद्रा असते आणि मजकूर संपतो तिथे छोटं मोर्तब. माथ्याची मुद्रा पत्र कोणाचं ते सांगते, शेवटचं मोर्तब सांगतं की मजकूर इथे संपला, याखाली कोणी काही घुसडलं असेल तर ते आमचं नव्हे. आपण आज सहज ‘शिक्कामोर्तब झालं’ म्हणतो, तो शब्द या दोन कामांचा मिळून झाला आहे. कागद गावोगाव फिरायचा, पाटलाकडे, देशमुखाकडे, वतनदाराच्या माजघरात. शिक्का फिरत नसे. तो फिरला असता तर राज्यच फिरलं असतं.

पुतण्याने नेमकं तेच केलं होतं. पण मला प्रश्न पडला की संगणकवाल्यांना ही अक्कल कधी आली? नातवाला माहीत नव्हतं, त्याला परीक्षेत विचारत नाहीत म्हणे. मग मीच आठवडाभर शोधत बसलो. आणि जे सापडलं ते फार मजेदार आहे.

संगणकावर परवलीचा शब्द पहिल्यांदा आला तो अमेरिकेत एमआयटीमध्ये, 1960 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकावर अनेक माणसांना एकाच वेळी काम करता येईल अशी व्यवस्था केली. तिचं पहिलं प्रात्यक्षिक नोव्हेंबर 1961 मध्ये झालं. संगणक एक, माणसं अनेक, प्रत्येकाचे कागद वेगळे आणि प्रत्येकाला वेळ मोजून दिलेला. म्हणून प्रत्येकाला एक शब्द. ते सगळे शब्द कुठे ठेवले? त्याच संगणकात, एका फाइलीत, जसेच्या तसे लिहून.

1962 मध्ये तिथल्या ॲलन शेर नावाच्या संशोधकाला आठवड्याला चार तास मिळत, आणि ते पुरत नसत. तिथे कुठलीही फाइल छापून हवी असेल तर छिद्रं पाडलेलं एक कार्ड टाकून ठेवायचं, नंतर छापील कागद घेऊन जायचे. या गृहस्थांनी कार्डावर त्या परवलीच्या शब्दांच्या फाइलीचंच नाव घातलं. संगणकाने इमानेइतबारे सगळ्यांचे शब्द छापून दिले! पुढची बरीच वर्षं त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही, पंचवीसेक वर्षांनी कबूल केलं. (माझ्या वर्गात प्रश्नपत्रिका छापणाऱ्याकडे वशिला लावणारा एक होता. तो पुढे चांगल्या पदावर गेला. असो.)

दुसरा प्रसंग 1966 चा. त्याच व्यवस्थेत रोज लॉगिन करणाऱ्याला एक सूचना दिसे, आपल्या शाळेतल्या फळ्यावरच्या सुविचारासारखी. एक व्यवस्थापक ती सूचना लिहीत होता, त्याच वेळी दुसरा परवलीच्या शब्दांची फाइल दुरुस्त करत होता. दोघांच्या कच्च्या प्रतींना संगणकाने एकच नाव दिलं आणि फाइलींची अदलाबदल झाली. त्यानंतर जो जो लॉगिन करी, त्याला सुविचाराच्या जागी सगळ्या लोकांचे परवलीचे शब्द वाचायला मिळत. शेवटी कोणा समंजस माणसाने मुद्दाम संगणकच बंद पाडला. कॉर्बातोंना 1990 सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या व्याख्यानात त्यांनी ही फजिती स्वतःच सांगितली, हे मला त्यांचं फार आवडलं.

दरम्यान इंग्लंडात केंब्रिजला रॉजर नीडहॅम आणि माइक गाय यांनी वेगळी युक्ती काढली होती. शब्द ठेवायचाच नाही. त्याचं पीठ करून ठेवायचं. लॉगिन करताना माणूस शब्द देतो, त्याचंही पीठ करायचं आणि दोन पिठं जुळवून पाहायची. पिठावरून पुन्हा ज्वारी करता येत नाही, म्हणून फाइल कोणाच्या हाती लागली तरी नुकसान कमी.

ही युक्ती पुढे बेल लॅबमधल्या युनिक्स या व्यवस्थेत आली. तिथे रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी 1979 मध्ये एक निबंध लिहिला. त्यांनी लोकांचे 3289 परवलीचे शब्द तपासले. त्यातले 2831, म्हणजे शेकडा 86, सहज ओळखता येण्याजोगे निघाले. पंधरा महाभागांनी तर एकच अक्षर ठेवलं होतं! म्हणून त्यांनी पीठ दळताना प्रत्येकाच्या शब्दात वेगळं मीठ घालायची रीत घातली. इंग्रजीतही त्याला मीठच म्हणतात, हा माझा विनोद नाही. दोघांचा शब्द एकच असला तरी मीठ वेगळं, म्हणून पीठही वेगळं.

एवढं करूनही ती पिठाची फाइल कोणालाही वाचता येत होती. 2 नोव्हेंबर 1988 रोजी एक उपद्रवी प्रोग्राम महाजालावर सुटला आणि एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरत गेला. त्याच्या पोटात 432 नेहमीच्या शब्दांची यादी होती. एकेक शब्द दळून तो त्या फाइलीशी जुळवून बघत असे. आणि तो लिहिणारा कोण, तर त्याच रॉबर्ट मॉरिस यांचा मुलगा. बापाने भिंतीतली भोकं मोजून दाखवली, मुलगा त्यांतल्याच एका भोकातून आत शिरला. त्याच सुमारास पीठही वेगळ्या फाइलीत हलवलं गेलं, जी फक्त मुख्य व्यवस्थापकालाच वाचता येते. तिला नाव मिळालं ‘शॅडो’, सावली.

आता यात एक सरळ रेषा दिसते की नाही बघा. आधी गुपित उघड्यावर. मग दळून. मग दळलेलं सावलीत. आणि 2005 मध्ये लायनस टोरव्हाल्ड्स यांचं ‘गिट’ आल्यावर आणखी एक पाऊल. गिटमध्ये प्रोग्रामचा प्रत्येक बदल इतिहासासकट जपला जातो. एकदा आत गेलेलं नंतर खोडलं तरी मागच्या पानावर शिल्लक राहतं. इतिहासाच्या शिक्षकाला हे ऐकून आनंद होईल, पण गुपितांसाठी ते वाईट. म्हणून गुपित प्रोग्रामच्या घरातूनच बाहेर काढलं गेलं. न काढणाऱ्यांचं काय होतं त्याचं उदाहरण उबरचं: 2016 मध्ये चोरांना प्रोग्रामच्या खाजगी कपाटातच कोठाराच्या किल्ल्या सापडल्या आणि 5 कोटी 70 लाख लोकांची माहिती गेली. कंपनीने ते जगाला सांगितलं नोव्हेंबर 2017 मध्ये.

नातवाने आपल्या प्रोग्रामचा सगळा मागचा इतिहासही पानन् पान चाळला, न जाणो पुतण्याने एखाद्या दिवशी घाईत किल्ली आत टाकली असेल आणि नंतर काढली असेल. नाही. एकदाही नाही. पोरगं सावध होतं. आम्ही दोघे ते बघून थोडा वेळ काही बोललो नाही. सावधपणाचा अभिमान वाटावा की राग यावा, तेच कळेना.

बत्तीस चिन्हांची ओळ अंदाजाने काढता येईल का, तेही विचारून झालं. शक्यतांची संख्या 39 अंकी आहे. विषय संपला.

मग नातवाने दुसरा मार्ग धरला आणि तो मला अगदी ओळखीचा वाटला. मोडीतल्या पत्राला कसर लागलेली असते, मधली ओळ गेलेली असते. तेव्हा आधी मोकळी जागा मोजतात, मागचापुढचा मजकूर लावतात आणि तिथे काय असायला हवं ते ठरवतात. प्रोग्राम कुठे कुठे पेटीतून काही मागतो ते त्याने शोधलं. सात ठिकाणं निघाली, सात नावं. आत काय होतं ते कळलं नाही, पण पेटीत सात खण होते एवढं कळलं. त्यातल्या सहांची काळजी नव्हती. कोठाराचा परवलीचा शब्द नवा घेता येतो, मेलचाही. लॉगिनच्या खुणेवर मारायचा शिक्का तर नवा पाडायचाच; संभाजी महाराजांनी थोरल्या महाराजांची मुद्रा वापरली नाही, स्वतःची घेतली. जुन्या शिक्क्याच्या खुणा चालेनाशा होतात, इतकंच.

सातवा खण वाईट निघाला. तुमचे परवलीचे शब्द दळताना पुतण्याने मिठाशिवाय मिरीही घातली होती. (पुन्हा सांगतो, नावं माझी नाहीत.) मीठ पिठासोबत ठेवतात, प्रत्येकाचं वेगळं. मिरी सगळ्यांना एकच, आणि ती पेटीत. ती गेली, म्हणून तुमच्यापैकी एकाचाही जुना शब्द आता कधीच जुळणार नाही, तुम्ही अगदी बरोबर टाइप केलात तरीही. तेव्हा ‘मी विसरले का हो दादा?’ असं विचारणाऱ्या सर्व वहिनी-माम्यांनी निश्चिंत व्हावं. तुम्ही काही विसरला नाहीत.

सातव्या खणाचं नाव जिथे होतं त्याच्या वरच्या ओळीत पुतण्याने स्वतःसाठी एक टिपण ठेवलं होतं, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत: ही फाइल पुन्हा कशी बनवायची ते लिहून ठेवणे. बदलाची तारीख 2019 च्या दिवाळीतली. त्या दिवाळीत तो इथेच होता. दुपारी झोपाळ्यावर लॅपटॉप घेऊन बसायचा आणि मी त्याला चिवडा खा म्हणून उठवायचो.

एकदोघांनी सुचवलं की परवलीचे शब्द काढूनच टाका, घरचीच तर माणसं. ते जमणार नाही. पेटीतल्या पत्रांत वाटणीच्या काळातली पत्रं आहेत आणि ती फक्त दोन घरांनी बघावीत अशा बोलीवरच मला मिळाली होती. बोली देणारे आता नाहीत, म्हणून ती मला जास्तच पाळावी लागेल. नातवालाही मी ती उघडायला मनाई केली आहे आणि त्याने ती पाळली आहे.

म्हणजे प्रश्न असा उरला की अमुक नावाने दार वाजवणारा तोच आहे हे ओळखायचं कसं? कारण निम्म्या मंडळींचे मेलचे पत्तेच बदललेत. हा प्रश्न आपल्या इतिहासात एकदा फार मोठ्याने विचारला गेला आहे. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण अनेकांचा त्यावर विश्वास बसला नाही. पार्वतीबाईंनी तर 1783 मध्ये जाईपर्यंत सौभाग्यलेणं उतरवलं नाही. अशा वेळी सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून पुढे आला. त्याला पकडलं, रत्नागिरीला कैदेत ठेवलं, आणि तिथून सुटून 1776 मध्ये त्याने कोकणात असं बंड माजवलं की किल्ले त्याच्या हाती गेले, हजारो लोक त्याच्यामागे उभे राहिले. ज्यांनी भाऊंना जवळून पाहिलं होतं त्यांच्या साक्षी काढाव्या लागल्या. त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांचं ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच्यावरच आहे. शिक्का कागदाचा खरेखोटेपणा सांगतो; माणसाच्या बाबतीत शेवटी दुसऱ्या माणसालाच विचारावं लागतं.

नातू म्हणाला, हल्ली बोटाचा ठसा घेतात. खरं आहे, आधारचा पहिला क्रमांक 2010 मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला दिला गेला. पण सोलापूरच्या माणसाला ठशाची दुसरी बाजूही ठाऊक असते. इथल्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणाआड, ज्यांना सरकारने जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं त्या जमातींच्या लोकांना हजेरी द्यावी लागे. 1911 च्या कायद्याने त्यांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला दिला होता. कायदा गेला 1952 मध्ये. परवलीचा शब्द गेला तर नवा घेता येतो. बोट नवं घेता येत नाही आणि ते कोणाच्या दफ्तरात पडून आहे ते आपल्याला कळत नाही. तेव्हा आपल्या संकेतस्थळावर शब्दच राहतील.

आता कामाचं. नातवाने जुनी पेटी काढून नवी केली आहे, नवी किल्ली पाडली आहे. पुतण्याचं राहिलेलं टिपणही पूर्ण केलं: सात खणांची नावं, प्रत्येकात काय घालायचं, किल्ली कोणाकडे आहे, हे सगळं प्रोग्रामसोबतच एका नमुना फाइलीत लिहून ठेवलं आहे, फक्त खरी गुपितं सोडून. किल्ली कागदावर लिहून दोन पाकिटांत घातली. एक माझ्या कपाटात, दुसरं पुण्याला सूनबाईंकडे, म्हणजे पुतण्याच्या पत्नीकडे. पाकिटं लाखेने बंद केली. लाख मिळवायला दोन दुकानं फिरावी लागली.

येत्या रविवारपासून संकेतस्थळ उघडेल. आपलं नाव घालून ‘परवलीचा शब्द विसरलो’ यावर टिचकी मारा, मेल येईल, त्यातल्या दुव्यावरून नवा शब्द घ्या. घरच्या कोणाचं नाव, जन्मसाल किंवा ‘सोलापूर’ हा शब्द ठेवू नका. तुमचा शब्द मला किंवा नातवाला वाचता येत नाही, तेव्हा फोन करून तो मला सांगूही नका. ज्यांचा मेलचा पत्ता बदलला आहे त्यांनी मात्र मला संध्याकाळी पाचनंतर फोन करावा. आवाज ओळखला तरी मी एक-दोन प्रश्न विचारणार आहे, आजीच्या घरच्या मांजराचं नाव वगैरे. राग मानू नये.